लेकरांची खोली

यवतमाळहून कळंबकडे जाताना डाव्या हाताला सिमेंटचा एक भलामोठा मोर लागायचा. मोरपिसारा वॉटर पार्कचा. ज्या वर्षी कापसाला बरा भाव आला त्या वर्षी एका जिनिंगवाल्या शेठनं तो उभा केला, आणि पुढची तीन-चार वर्षं माणसं त्यावर नुसती तुटून पडली. दिवाळीनंतर कापूस विकून झाला की नेर-दारव्ह्याकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून यायच्या. जन्मात विहिरीत डोकावण्यापलीकडे पाण्याशी संबंध न आलेल्या आज्याबाया भाड्याचे नायलॉनचे कपडे चढवून घसरगुंडीवरून धप्पकन खाली यायच्या, आणि वर येऊन आधी पदर चाचपायच्या. तो अंगावर नसायचाच. मग जे हसू फुटायचं ते गेटपर्यंत ऐकू जायचं.

मोराच्या पायाशी लेकरांची खोली होती. अंगावर पिणारी लेकरं घेऊन आलेल्या बायांनी ती तिथे ठेवायची आणि तासभर पाण्यात जाऊन यायचं. आढ्याला लोखंडी नळी, नळीला आठ झोळ्या, खाली सतरंजी, एक पंखा, आणि हे सगळं सांभाळायला दोन बाया. एक मथुराबाई, आणि दुसरी कौसल्या.

कौसल्याला हे काम मिळालं ते मथुराबाईमुळेच. दोघींची घरं लोहाऱ्यात भिंतीला भिंत लागून. कौसल्याचा नवरा संघदीप तिथल्याच एका जिनिंगमध्ये गाठी बांधायचा. ती जिनिंग बंद पडली तसा तो गुजरातेत निघून गेला, आणि पहिली लेक झाली तेव्हाही त्याला येता आलं नाही. कौसल्याला सासू नव्हती, आई तर लहानपणीच गेलेली. दोन महिन्यांचं लेकरू कडेवर असलेल्या बाईला कामावर ठेवणार कोण? मथुराबाई शेठकडे गेली आणि म्हणाली, लेकरांच्या खोलीत अंगावर पाजणारी बाई असली तर तिला लेकरांचं रडणं लवकर कळतं. शेठ हसला. तिचं लेकरूही त्या आठातच मोजा म्हणाला, आणि मैत्रेयी आईबरोबर रोज पार्कात जायला लागली.

मैत्रेयी वर्षाची होईस्तोवर, निदान वरणभात खाऊन स्वतःच्या पायावर उभी राहीस्तोवर ही खोली टिकावी, एवढंच कौसल्याचं मागणं होतं. संघदीपचा फोन शेजारच्या दुकानात आला की त्यालाही ती तेवढंच सांगायची. लेक संग असते माह्या, बाकी काई नाई.

त्या खोलीची एक रीत होती आणि ती कौसल्यानंच पाडली होती. आई कपडे बदलून आली की कौसल्या तिच्याकडून तिची अंगावरची साडी मागून घ्यायची. नुसती ओढणी असली तरी चालायची. त्याच साडीची झोळी बांधायची आणि लेकरू तिच्यात ठेवायचं. आईच्या घामाचा, चुलीच्या धुराचा, तेलाचा वास नाकाशी असला की लेकरू दोन हुंदके देऊन झोपी जायचं. शिवाय कोणतं लेकरू कोणाचं याला चिठ्ठी लागायची नाही. हिरवी साडी हिरवीवालीची. सात-आठ रंगांच्या झोळ्या संथ हलत असायच्या, आणि मधल्या एकीत कौसल्याच्या जुन्या निळ्या साडीत मैत्रेयी पाय चोखत पडलेली असायची.

मग कापसाचा भाव बसला.

पार्कातून आधी पिंजऱ्यातले पोपट गेले. नंतर कामगारांची जीप गेली, आणि कौसल्या लेक पोटाशी बांधून यवतमाळला बस बदलत यायला लागली. पाण्याचं टाकं रोज बदलायचं ते तीन दिवसांनी बदलू लागलं, मग आठवड्यानं. लाटांचा हौद होता, जिथे यंत्रानं समुद्रासारख्या लाटा उठायच्या. तिथे दर तासाला लाटा सुटायच्या त्या दिवसातून एकदाच सुटायला लागल्या. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज सकाळी जायची ती दुपारी दोनला यायची, आणि जनरेटरला डिझेल घालायचं नाही असा हुकूम होता. हुकूम शेठच्या पुतण्याचा. रजतभाऊ नागपूरहून शिकून आला होता आणि दिवसभर एक पातळ फाईल घेऊन फिरायचा. वाईट माणूस नव्हता. कोणाला अरे म्हणाला नाही. ज्याला काढायचा त्याला आधी चहा पाजायचा, त्यामुळे चहाला बोलावणं आलं की माणसं आधी आपली पिशवी भरून ठेवायची.

अस्वलाचा पोशाख घालून पोरांशी हात मिळवणारा रामधन, त्याच्यावर गेटवर तिकिटं फाडायचं काम आलं, आणि नंतर हातानं फिरवायचा पाळणाही. पोशाख उतरवायला वेळच मिळायचा नाही. तो अस्वलाच्या अंगातच पाळणा ओढायचा, घाम गळायचा, आणि पोरांना वाटायचं अस्वल रडतं आहे. "साहेब म्हने, रामधन, तुले दोन पगार देनं होत नाही," तो सांगायचा, "पन दोन कामं देनं होते. म्हटलं द्या बाप्पा, तेवढंच तुमच्याजवळ हाय."

आणि एके दिवशी मथुराबाईला चहाला बोलावणं आलं.

रजतभाऊनं तिला समजावून सांगितलं की हल्ली आठ लेकरं येत नाहीत, चार-पाच येतात, त्याला एक बाई पुरे. मथुराबाईनं विचारलं, चारही संगच रडली तर? तो म्हणाला, एकेक करून घ्या. हे मथुराबाई घरी येऊन कौसल्याला तीनदा सांगत होती, आणि दर वेळी तिला थोडं हसू येत होतं आणि मग ते मधेच थांबत होतं. तिचा तांडा दारव्ह्याकडचा. तिकडे आता कोणी नव्हतं. ती दारात पाय पसरून बसली आणि म्हणाली, जाऊ दे बेटी, तुही खोली राह्यली ना.

खोली राहिली. पण लेकरू घेऊन आलेल्या बाईला निरोप द्यायला आता कोणी नव्हतं. आधी लेकरू फार रडलं तर मथुराबाई पाण्याकडे जाऊन आईला हाक मारून आणायची, नाहीतर ऑफिसातून भोंग्यावर पुकारा व्हायचा, पिवळ्या साडीवाल्या बाईंनी लेकरांच्या खोलीत यावं. भोंगाही विजेवरच चालायचा. धोब्याचं कामही आठवड्यावर आलं होतं, आणि पार्काच्या ज्या चार-दोन चादरी होत्या त्यांना फिनाइलचा आणि ओलीचा असा एक वास बसला होता की कौसल्या त्या लेकरांखाली घालायचीच नाही.

चैत्रातली चतुर्थी होती. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाऊन परत फिरणारी माणसं त्या दिवशी पार्कात वळायची, म्हणून जरा गर्दी होती. दुपारी बाराच्या सुमाराला नेरकडची एक मंडळी आली. विमलताई म्हणून एक पन्नाशीची बाई, घरंदाज, शेतीवाडीची; संग तिची सून सलोनी आणि आठ महिन्यांचा नातू. नातवाचं जावळ काढून आले होते. कोवळं डोकं गुळगुळीत केलेलं, वर हळदकुंकवाचा टिळा, आणि ऊन लागून लागून टाळू लाल झालेली. पोरगं आधीच किरकिरं झालं होतं.

कौसल्यानं रीतीप्रमाणे सलोनीकडे साडी मागितली. विमलताईंनी हात मधे घातला. जावळासाठी घेतलेली साडी होती, जरीची. ती नळीला टांगून फाटली तर? पार्काचं काही देत नाही का तुम्ही, त्यांनी विचारलं. कौसल्यानं चादर दाखवली आणि खालच्या आवाजात सांगितलंही की लेकराला तिचा वास आवडणार नाही. विमलताई म्हणाल्या, झोपीन वं, थकलं हाय ते.

सलोनीचा पाय निघत नव्हता आणि निघतही होता. वीस-एकवीसची पोर. तिनं कौसल्याला हळूच विचारलं, लाटा कधी असतात. दोन वाजता, कौसल्या म्हणाली, वीज आली की. "मले एकदा पाहाच्या हायेत," सलोनी म्हणाली, जणू परवानगी मागत होती. "अर्ध्या तासात येतो. बाटली घेत नाही तो, अंगावरच लागते त्याले." आणि ती गेली.

अर्धा तास त्या पोरानं काढला. मग जो टाहो फोडला तो काही केल्या थांबेना. चादरीत ठेवलं की ताठ व्हायचं, कडेवर घेतलं की मागे कोसळायचं. त्याच्या आवाजानं बाकीची चार उठली. मैत्रेयीही उठली आणि दुसऱ्या लेकराला आईच्या खांद्यावर बघून ओठ काढायला लागली. पंखा बंद. पत्र्यातून ऊन झिरपत होतं. एका हातानं दोन झोळ्या, पायानं तिसरी, अशी कौसल्या खोलीभर फिरत होती. दाराशी जाऊन तिनं रामधनला हाक दिली. तो पाळण्याला लटकलेला, वर बारा पोरं. सोडला असता तर पाळणा उलटा फिरला असता. त्यानं अस्वलाचा पंजा हलवून नाही म्हटलं.

एक वाजला. सवा वाजला. पोराचा आवाज बसला. आता ते रडताना श्वास धरायला लागलं, तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळसर, आणि मग कुठून तरी खोलातून एक किंकाळी. तिसऱ्यांदा श्वास धरला तेव्हा कौसल्याच्या छातीत आपोआप कळ आली आणि दोन्हीकडून ब्लाउज भिजला. लेकरू कोणाचं ते अंगाला कळत नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली, पोराला पदराखाली घेतलं, आणि पोरगं असं चिकटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिरड्यांनी चावत होतं, गिळत होतं, मधेच जुन्या रडण्याचा एक हुंदका देत होतं. लाल टाळूवर तिनं तळहात ठेवला. दहा मिनिटांत त्याची मूठ सुटली. मग तिनं त्याला मैत्रेयीच्या निळ्या झोळीत घातलं आणि मैत्रेयीला मांडीवर घेतलं.

दोन वाजता वीज आली, लाटा सुटल्याचा गलका ऐकू आला, आणि त्यानंतर सलोनी धावतच आली. केस गळत होते. तोंडावर अजून काहीतरी उजळ उजळ होतं, आणि ते तिच्या नकळत राहिलं होतं. सगळेच थांबले होते लाटांसाठी, मलाही सोडलं नाही, असं काहीबाही ती सांगत होती. मागून विमलताई आल्या. सलोनीनं पोराला उचलून छातीशी धरलं. पोरानं तोंड फिरवलं आणि झोपेतच जांभई दिली.

भूक कशी नाही याला, ती म्हणाली.

कौसल्यानं सांगून टाकलं. लपवावं असं काही त्यात आहे हे तिच्या मनातच आलं नाही. तुमचं लेकरू श्वास धरून राह्यलं होतं, कोनी हाकेले नव्हतं, मीच पाजलं.

सलोनीनं डोळे मिटले आणि उघडले. विमलताई खाली सतरंजीवर बसल्या. चांगलं केलं वं, असं त्या म्हणाल्याही. मग विचारलं, तुमी कोन?

"वानखडे," कौसल्या म्हणाली.

विमलताईंचा चेहरा सैल झाला. त्यांच्या माहेरच्या गावात निम्मं गाव वानखडे. "मंग आपल्यातलेच हाय," त्या म्हणाल्या. "दारव्ह्याकडचे का? का बाभूळगावचे?"

तिथे गप्प राहता आलं असतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पाच मिनिटांत त्यांची गाडी सुटली असती आणि पुन्हा कधी भेट झाली नसती. कौसल्याला ते दिसलं. मांडीवर मैत्रेयी तिच्या बांगडीशी खेळत होती. नऊ महिन्यांची. तिला नाव ठेवलं त्या दिवशी वस्तीतल्या विहारात सगळ्यांना खीर वाटली होती.

"नाई आत्याबाई," ती म्हणाली. "आमी बौद्ध."

विमलताई काही वाईट बोलल्या नाहीत. त्यांचा हात मात्र गुडघ्यावरून उठला आणि हवेत कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा राहिला. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली. कळंबच्या कुंडाचं तीर्थ होतं. पदराचं टोक त्यात भिजवलं, सुनेच्या खांद्यावरच्या नातवाचं तोंड पुसलं, आणि बोट घालून जीभही पुसली. पोरगं दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. सलोनी भिंतीकडे बघत होती. सासू चपला घालायला बाहेर गेली तेवढ्यात तिनं कौसल्याला विचारलं, "त्याले उचकी तं नाई ना लागली होती?"

"नाई," कौसल्या म्हणाली. "गुमान प्याला."

ती मान हलवून गेली.

तक्रारवहीत जे लिहिलं गेलं त्यात जातीचा शब्द नव्हता. अस्वच्छ चादर. बाळाच्या आईला बोलावले नाही. घरच्यांना न विचारता बाळाला दूध पाजले. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

संध्याकाळी कौसल्याला चहाला बोलावणं आलं.

रजतभाऊनं वही तिच्यापुढे फिरवली आणि लगेच मिटली. "ताई, तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण उद्या एखाद्या लेकराला काही झालं तर? मला ती खोली ठेवणं आता जमत नाही." तिथे व्हिडिओ गेम बसवणारा एक माणूस भाड्यानं जागा मागत होता, हेही त्यानं लपवलं नाही, फाईल उघडीच होती. कौसल्याला मात्र काढायचं नव्हतं. ती गेटवर तिकिटं फाडेल, म्हणजे रामधनला पाळणा नीट ओढता येईल.

मैत्रेयी तिच्या कडेवर होती, चहाच्या कपाकडे झेपावत होती. कौसल्यानं विचारलं, इले गेटवर बाजूले ठेवली तं? सावलीत. आवाज नाई करत ते.

रजतभाऊ खरंच विचार करत होता. पेनचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाला, "तुमचं ठेवलं तर पाहुणे विचारतील, आमचं का नाही ठेवत. काय सांगू त्यांना?"

कौसल्यानं मैत्रेयीचा हात कपापासून मागे घेतला. तिनं तीन महिने मागितले, पोरगी वर्षाची होईस्तोवर. तो म्हणाला, तीन महिन्यांनी पार्क असेल की नाही मलाच माहीत नाही. ते तो धमकी म्हणून बोलला नव्हता. चहा थंड झाला होता. तिनं तो तसाच पिऊन टाकला, टाकून देणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मैत्रेयी मथुराबाईजवळ राहायला लागली. मथुराबाईनं काही मागितलं नाही. मलेही दिवसभर कोनी पाह्यजेच, म्हणाली. पहिले चार दिवस पोरीनं वाटीचमच्याला तोंड लावलं नाही. दुपारभर दाराकडे बघून रडायची, मथुराबाई तिला कडेवर घेऊन बस स्टॉपपर्यंत जायची आणि परत आणायची. पाचव्या दिवशी तिनं दुधात भिजवलेलं बिस्किट खाल्लं. मथुराबाईनं ही बातमी आनंदानं सांगितली, आणि कौसल्यानंही आनंद दाखवला.

गेटवर उन्हात बाया लेकरं घेऊन यायच्या. बाहेरच्या फळ्यावर अजून लेकरांच्या खोलीचं चित्र होतं. रंगवून घ्यायला माणूस कुठला आणायचा म्हणून ते तसंच राहिलं होतं. बाया विचारायच्या, खोली कुकडं हाय वं? कौसल्या म्हणायची, बंद झाली. मग कोणी सासूला बाहेर बसवायची, कोणी सात वर्षांच्या पोरीच्या मांडीवर लेकरू देऊन तिला कडुलिंबाखाली ठेवायची, आणि पुष्कळशा जणी कपडे न बदलता पाण्याच्या काठाशी लेकरू घेऊन उभ्या राहायच्या आणि बाकीच्यांना भिजताना बघायच्या. एकदा अशीच एक बाई तिकीट हातात घेऊन दाराशीच थबकली. आत मी काय करू, तिनं नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, पैसे भरले ना आता. मग ती आत गेली.

लेकरू रडलं की कौसल्याचा ब्लाउज भिजायचा. ती तिकिटांचं पुस्तक छातीशी धरायची. नंतर तिनं जुन्या धोतराचं फडकं चार पदरी घडी घालून आत ठेवायला सुरुवात केली, दुपारी ते पिळायची, दुसरं ठेवायची. रामधन अस्वलाच्या डोक्यातून सगळं बघायचा आणि काही बघितलं नाही असं दाखवायचा. एकदा मात्र म्हणाला, "माही बायको बी अशीच करे. थोडे दिस दुखते. मंग नाई."

घरी पोचायला साडेसात व्हायचे. बस बदलून, लोहाऱ्याच्या फाट्यावरून जवळजवळ धावत. मैत्रेयी मथुराबाईच्या खांद्यावर असायची, तिच्या गळ्यातल्या चांदीच्या हाराशी खेळत. आधी आईला बघून झेप घ्यायची. मग बघून हसायची. महिन्याभरानं हसायची आणि परत हाराकडे वळायची. अशाच एका दिवशी कौसल्यानं तिला घेतलं, चटईवर बसून पदराखाली धरलं. पोरीनं तोंड लावलं, दोनदा चोखलं, मग मान वळवली आणि दोन्ही हातांनी तिला दूर लोटलं. राग नव्हता त्यात. एखादी नको असलेली वाटी सरकवावी तसं. खाली उतरून ती रांगत मथुराबाईच्या पायाशी गेली.

मथुराबाई घाईघाईनं म्हणाली, "आज दिवसभर गंज खेळली ना, थकली. उद्या पिईन ते, पाह्य."

कौसल्या म्हणाली, हो. मोरीत जाऊन तिनं भिंतीला टेकून दूध पिळून टाकलं, वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि बाहेर येऊन चूल पेटवली. दुसऱ्या दिवशीही पिळलं, तिसऱ्या दिवशीही. दर दिवशी थोडं कमी येत होतं. पुढच्या आठवड्यात गेटवर एक लेकरू पार घशाची शीर ताणून रडलं, आणि तिनं सवयीनं छातीशी तिकिटांचं पुस्तक धरलं. मग हळूच बाजूला केलं. ब्लाउज कोरडा होता. रांगेतला माणूस तिकीट पुढे करून उभा होता. तिनं ते घेतलं, मधोमध फाडलं, आणि अर्धं त्याच्या हातात दिलं.